अपडेट चालू आहे, गाडी हलणार नाही

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराच्या तोंडी ‘हे आता बंद झालं’ हे वाक्य सहसा येत नाही. कंपनीने बंद केलं असेल, त्याने केलेलं नसतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या टीव्हीचा रिमोट घेऊन जा. तो रिमोट उलटा करतो, मागच्या झाकणाच्या जागी लावलेल्या चिकटपट्टीकडे बघतो, ‘टीव्ही चालू आहे अजून?’ असं विचारतो आणि माळ्यावरच्या पोऱ्याला एक आकडा ओरडून सांगतो. वरून रिमोट येतो. पुड्यावर टीव्हीच्या कंपनीचं नाव नसतं, पण टीव्हीला ते कळत नाही. मिक्सरची मोटर, इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर, गणपतीच्या माळेचा फिरता कंट्रोलर, काहीही न्या. बुधवार पेठेत वस्तू बिघडते, मरत नाही.

हीच सोय गाड्यांच्या बाबतीत नाना पेठेत. पुण्याचा माणूस स्कूटर घ्यायचा कंपनीकडून, पण चालवायचा नाना पेठेच्या भरवशावर. बजाजची चेतक 1972 साली आली, 2009 साली कंपनीने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं, आणि त्यानंतरही आमच्या बोळात ती कित्येक वर्षं रोज सकाळी एका अंगावर कलत होती. ज्यांनी चेतक चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: किका मारून पाय दुखायला लागला की स्कूटर एका बाजूला आडवी करायची, जरा वेळ तशीच धरायची, सरळ करायची आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा किक मारायची. असं का करायचं हे फार थोड्यांना माहीत होतं, पण येत सगळ्यांना होतं. त्याला वाय-फाय लागत नव्हतं.

काळाआड गेलेल्या गाड्या पुण्यात अलीकडे बॅटरी घेऊन परत येतात. जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली, फेब्रुवारी 2024 मध्ये लूना. चाकणला महिंद्राची विजेची मोटार तयार होते. नोव्हेंबर 2024 मध्ये तिचं नाव ‘बीई 6ई’ असं ठेवलं, तर ‘6ई’ आमचं आहे म्हणून इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली आणि मोटार गिऱ्हाइकाच्या दारात यायच्या आधीच नुसती ‘बीई 6’ झाली. तिच्यातल्या आवाजांसाठी ए. आर. रहमान यांना घेतलं आहे. विजेच्या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर आवाज नाही. आणि तिला आवाज द्यायला रहमान! लक्ष्मी रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न कानाला चिकटून वाजला तरी माणूस पाव इंच सरकत नाही. तिथे रहमान एकटे काय करणार?

आमच्या भाच्याने मात्र हे सगळं व्हायच्या आधीच, म्हणजे घरातले झाडून सगळे ‘थांब, जरा स्वस्त होऊ देत’ म्हणत असताना, विजेची मोटार घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडीला इंटरनेट आहे, ती वाचत असेल.

गाडी घेतल्यावर पहिला प्रश्न चार्जिंगचा आला. तो जिन्याखालच्या मीटरवरून सुटला. दुसरा प्रश्न आला तो अपडेटचा. अपडेटला नेटवर्क लागतं आणि आमच्या वाड्याच्या भिंती दोन-दोन हात जाड. बांधणाऱ्याने तोफेचा विचार केला असेल, वाय-फायचा केलेला नाही. शेवटी भाच्याने राउटरला नायलॉनची दोरी बांधून तो दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडला. त्याच खिडकीतून आमची आजी भाजीवालीसाठी पिशवी सोडायची. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनींनी खालून विचारलंच, ‘काय मागवताय?’

मागवलं काय होतं ते भाच्यालाही ठाऊक नव्हतं. पडद्यावर एवढंच आलं होतं: ‘किरकोळ त्रुटी दूर केल्या. एकूण अनुभव सुधारला.’ कोणत्या त्रुटी, त्या आजवर कुठे होत्या आणि आम्हाला न सांगता इतके दिवस आमच्याबरोबर कशा फिरत होत्या, याचा खुलासा नाही. आमच्या वाड्यात गळका नळ दुरुस्त केला तरी करणारा आठवडाभर सगळ्यांना त्याची हकिगत सांगतो.

पुढचं अपडेट आलं ते संकष्टीला, संध्याकाळी. गाडी वाड्याच्या दारातून अर्धी बाहेर, नाक बोळात. भाचा दार पूर्ण उघडायला खाली उतरला होता आणि त्याची सहा वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर. पडद्यावर दोन बटणं आली: ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. सहा वर्षांच्या मुलीला ‘नंतर’ हा पर्याय मुळातच मान्य नसतो. तिने ‘आत्ता’ दाबलं. गाडीने दिवे मालवले आणि काचेवर वर्तुळ फिरायला लागलं. अंदाजे 35 मिनिटं, या काळात गाडी हलणार नाही.

संकष्टीच्या संध्याकाळी दगडूशेठच्या आसपासच्या बोळात पस्तीस मिनिटं काय, साडेतीन मिनिटंसुद्धा कोणी उभं राहू देत नाही. बोळात अडलेला दुधाचा टेम्पो. त्याच्या मागे दूर्वा-जास्वंदीच्या टोपल्या घेतलेली मोटरसायकल. दोन्ही बाजूंनी रांग चुकवायला मधली वाट शोधणारे भाविक.

‘गाडी मागे घ्या.’

‘अपडेट चालू आहे.’

‘कुणाचं?’

‘गाडीचं.’

‘मग ढकलू या की.’

‘ढकलता येत नाही. चाकं लॉक आहेत.’

टेम्पोवाला खाली उतरला. ‘असं बदलतंय तरी काय आत?’ भाच्याने मोबाइलवर बघून वाचून दाखवलं, ‘एकूण अनुभव सुधारणार आहे.’ टेम्पोवाल्याने स्वतःच्या अनुभवाविषयी जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. वर्तुळ 62 टक्क्यांवर येऊन थांबलं. मग बोळातल्या प्रत्येकाने आपापल्या घरच्या वस्तूच्या अनुभवावरून सल्ला दिला, त्यातला ‘बंद करून चालू करून बघा’ हा पाच-सहा जणांनी स्वतंत्रपणे दिला. एक आजी बोनेटला नमस्कार करून पुढे गेल्या. त्यांना वाटलं, नवी गाडी देवाला आणली आहे आणि रांग गाडीची आहे.

अपडेट झाल्यावर कळलं की एसीच्या पंख्याचं बटण पडद्याच्या पहिल्या पानावरून तिसऱ्या पानावर गेलं आहे, आणि पूर्ण चार्जला दिसणारा आकडा चाळीस किलोमीटरनी कमी झाला आहे. कंपनीचं म्हणणं, आता तो जास्त अचूक आहे. रेंजच्या आकड्याबद्दल आम्हा पुणेकरांना तक्रार करायला तोंड नाही, कारण देशभरातल्या अनेक गाड्यांना तो देणारी एआरएआय ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आमच्याच वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी प्रयोगशाळेत जागच्या जागी फिरत्या रुळांवर चालते. रुळांना खड्डे नसतात, आणि रुळांसमोर अचानक पुस्तकांची हातगाडी येत नाही. आकडा खराच असतो. फक्त टेकडीवरून अप्पा बळवंत चौकात येईपर्यंत तो दमतो.

याच शहरात सुधारणा आधी की स्वातंत्र्य आधी यावरून टिळक-आगरकरांचं मैत्र तुटलं. गाडीच्या बाबतीत कंपनीने सुधारणा आधी, असं परस्पर ठरवून टाकलं आहे.

उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. हवेतून दुरुस्ती येण्यात खरी सोय आहे. डिसेंबर 2023 मध्ये टेस्लाने अमेरिकेत स्वयंचलित चालनातल्या दोषासाठी सुमारे 20 लाख गाड्या ‘परत बोलावल्या’. म्हणजे कागदोपत्री बोलावल्या. गाड्या होत्या तिथेच राहिल्या, दुरुस्ती त्यांच्याकडे गेली. सर्व्हिसिंगला गाडी सकाळी टाकून संध्याकाळी ‘उद्या या’ ऐकणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

पण त्याच कंपनीची 2017 ची गोष्ट ऐकून मी जरा सावध झालो. सप्टेंबरमध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ येत होतं. लोक गाड्या काढून उत्तरेला पळत होते. टेस्लाच्या काही स्वस्त मॉडेलांवर 60 चा आकडा होता, पण आत बॅटरी 75 किलोवॅट-तासांची बसवलेली. वरचा भाग सॉफ्टवेअरने कुलूपबंद. वादळ बघून कंपनीने दुरूनच कुलूप काढलं, गाड्या काही किलोमीटर जास्त धावल्या, आणि वादळ सरल्यावर कुलूप पुन्हा लागलं. आपल्याकडेही ही कल्पना जुनीच. बंगळुरूच्या रेवा या विजेच्या मोटारींच्या कंपनीने 2009 मध्येच एक सोय दाखवली होती: वाटेत बॅटरी संपली की कंपनीला फोन किंवा एसएमएस करायचा, मग कंपनी दुरून राखीव चार्ज मोकळा करणार. गाडीत वीज आपली, आणि मागायची कंपनीकडे.

बुधवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आमच्याकडचे वाडामालक बघा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव मालकाचं. मिळकतकर मालक भरतो, पावसात कौलं गळली की बोलणी मालक खातो, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस मालकाच्या नावाने दारावर लागते. आणि जिन्याखालच्या खोलीचं कुलूप उघडायचं असेल तर भाडेकरूला विचारावं लागतं. भाडेकरू आजोबांच्या काळापासून आहे, भाडं महिना चाळीस रुपये, आणि कुलूप बदलायचा अधिकार त्याचा. आमचा भाचा हा आता असा वाडामालक झाला आहे. आरसी बुकावर नाव त्याचं, हप्ता त्याचा, विमा त्याचा, धूळ पुसणारा फडका त्याचा. आत राहते कंपनी. ती रात्री-अपरात्री येते, सामान हलवते, बटणं तिसऱ्या पानावर नेऊन ठेवते आणि सकाळी ‘अनुभव सुधारला’ अशी चिठ्ठी ठेवून जाते. वाड्यातला भाडेकरू निदान चाळीस रुपये देतो. इथे पहिली काही वर्षं सरली की गाडीच्या इंटरनेटसाठी मालकच भाडेकरूला दरवर्षी पैसे देतो. बीएमडब्ल्यूने तर 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करण्याचं मासिक भाडं लावलं होतं. तारा सीटमध्ये आधीच घातलेल्या, चालू करायचे पैसे वेगळे. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षी तो नाद सोडावा लागला. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ही सेवा सगळ्या गाड्यांना फुकट आहे.

सॉफ्टवेअर बदललं की गाडी दरवेळी नवी होते, असं विक्रेते सांगतात. सॉफ्टवेअर होतही असेल. ते ज्या तुकड्यावर चालतं तो मात्र म्हातारा होतो, आणि फार लवकर होतो. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत पडद्यामागे 8 जीबीची एक मेमरी चिप होती. अशा चिपवर किती वेळा लिहायचं-पुसायचं याला मर्यादा असते. हिची होती सुमारे 3,000 वेळा. गाडी चालू असताना बारीकसारीक नोंदी तिच्यात लिहिल्या जात, पुसल्या जात, पुन्हा लिहिल्या जात. पाच-सहा वर्षांत चिप लिहून लिहून संपली. मागचा कॅमेरा दिसेना, काचेवरची वाफ काढायची सोय चालेना. 2021 च्या सुरुवातीला जवळजवळ 1,35,000 गाड्या यासाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि या वेळी खरोखर बोलवाव्या लागल्या, कारण झिजलेली चिप हवेतून बदलता येत नाही. मोटर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, पत्र्याला पोचा नाही, आणि गाडी आजारी. का, तर रोजनिशी लिहायची सवय.

बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. ब्रिटनमध्ये जुन्या निसान लीफ गाड्यांचं मोबाइल ॲप एप्रिल 2024 मध्ये बंद झालं, कारण त्या गाड्या 2जी नेटवर्कवर बोलायच्या आणि 2जी निवृत्त होणार. ऑक्टोबर 2016 मध्ये टेस्लाने जाहीर केलं होतं की स्वतः चालण्याला लागणारं सगळं हार्डवेअर गाडीत आहे, फक्त सॉफ्टवेअर यायचं आहे. 2019 मध्ये त्या जागी नवा संगणक आला, आणि जानेवारी 2025 मध्ये टेस्लाचे प्रमुख मस्क यांनी कबूल केलं की ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्या गाड्यांतला तोही बदलावा लागेल. सॉफ्टवेअर अजून यायचंच आहे. पत्रा पंधरा वर्षांच्या हिशेबाने बनतो, चिप फोनच्या हिशेबाने, आणि दोघांचं लग्न शोरूममध्ये लावून देतात. तिथेच बॅटरीच्या ‘आजीवन’ वॉरंटीचा बोर्डही दिसतो. बारीक अक्षरात वाचलं की कळतं, आजीवन म्हणजे पहिल्या मालकाला 15 वर्षं. आमच्या वाड्यात पंच्याण्णव वर्षांचे काका आहेत, ते हा बोर्ड बघून बराच वेळ हसले.

आणि कंपनीच गेली तर? प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडाशी संपलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही मोडली म्हणून नाही, टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली म्हणून. मधल्या काळात तिला कंपनी नव्हती, मेस्त्री होता. उलट अमेरिकेतली फिस्कर जून 2024 मध्ये दिवाळ्यात निघाली, तेव्हा तिच्या ओशन गाड्या जेमतेम वर्षभराच्या होत्या. मालकांवर संघटना काढायची वेळ आली: अपडेट कोण देणार, सर्व्हर कोण चालवणार, भाग कुठून आणणार? पद्मिनीच्या मालकाने कधी सर्व्हरची काळजी केली नाही. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर त्याने फुंकर मारली.

भाच्याच्या गाडीचा पडदा वॉरंटी संपल्यावर, आणि संपल्यावरच, काळा पडला. अधिकृत केंद्राने पूर्ण युनिट बदलायला सांगितलं. किती लागतील तो आकडा भाच्याने घरात अजून सांगितलेला नाही. मी त्याला म्हटलं, चल तपकीर गल्लीत. ‘मामा, ती गाडी आहे, रेडिओ नाही,’ असं म्हणत आला.

जिन्यावरून अंग चोरून वर गेलं की एक खोली. टेबलावर सूक्ष्मदर्शक, गरम हवेची बंदूक, चिमटे, आणि कापसाच्या बोळ्याला आलेला स्पिरिटचा वास. फोनच्या बोर्डावरच्या चिपा उचलून दुसऱ्या बसवणं हे इथल्या पोराचं रोजचं काम. त्याने युनिटचा बोर्ड भिंगाखाली धरला, नखाएवढ्या काळ्या चौकोनावर चिमट्याचं टोक टेकवलं. ‘ही गेली. काढतो, नवी बसवतो. जुनीतला डेटा उतरवून देतो. संध्याकाळी या.’ भाच्याच्या चेहऱ्यावर, शोरूममध्ये गाडी घेताना आला होता तो आनंद आला. पोराने मान वर केली. ‘पण सर, पडदा लागेल, गाडी मानेलच असं नाही. काही गाड्या नवा भाग बसला की कंपनीला विचारतात. कंपनी हो म्हणाली तर चालतात.’

‘आणि नाही म्हणाली तर?’

‘तर माझं काम झालेलं असतं. तुमचं नसतं.’

हात बुधवार पेठेत आहे आणि परवानगी ढगात. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं, त्यात फोन, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्या जोडीला वाहनंही आहेत. पोर्टलवर कंपन्या माहिती देतात: सर्व्हिस सेंटर कुठे, नियमावली कोणती. तपकीर गल्लीतल्या पोराला हवी आहे ती किल्ली, पत्ता नको.

भाच्याच्या गाडीने त्या खेपेला मानलं. कंपनीच्या नजरचुकीने असेल. त्यामुळे तो जरा निर्धास्त झाला होता, तेवढ्यात एका सकाळी गाडी उघडेचना. ॲप म्हणालं, चार्ज 81 टक्के. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. हॅन्डल आत गेलेलं, बाहेर येईना. कंपनीच्या मदतवाहिनीने सपाट पाठीचा ट्रक पाठवतो म्हणून सांगितलं. तो शिवाजी रस्त्यावर आला आणि बोळाची रुंदी बघून आल्या पावली परत गेला.

नाक्यावरचा रिक्षावाला तंबाखू मळत हे बघत होता. ‘बारा व्होल्टची गेली असेल,’ तो म्हणाला. भाच्याने त्याला समजावलं की ही विजेची गाडी आहे, हिच्यात प्रचंड मोठी बॅटरी आहे. ‘मोठी असू दे. दारं, दिवे, कॉम्प्युटर कशावर?’ त्याचं बरोबर होतं. कुलूप, पडदा, सगळे संगणक साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले ओढायलाही तीच लागते. ती झोपली की खालच्या लाखो रुपयांच्या बॅटरीला कोणी विचारत नाही. भाच्याने किल्लीच्या पोटातून लपवलेली लोखंडी किल्ली काढली, दार उघडलं, बोनेटचा खटका ओढला. रिक्षावाल्याने रिक्षा नाकाला नाक लावून उभी केली, सीटखालून केबल काढली, लाल लालला, काळी काळ्याला. गाडीतून एक मंजुळ सुरावट निघाली आणि पडद्यावर भाच्याचं नाव घेऊन सुप्रभात झाली.

‘किती द्यायचे?’

रिक्षावाला केबल गुंडाळत होता. ‘वेटिंगचे साठ. आणि हाफ रिटर्न.’

‘अहो, हाफ रिटर्न कसलं? तुमची रिक्षा जागची हललीसुद्धा नाही!’

‘तुमची हलत होती का?’